चार मिलिमीटर खाली

चाई बघणाऱ्याला फसवते ती तिच्या शांतपणामुळे. लाली नाही, खपली नाही, कोंडा नाही, बहुतेकांना खाजही नाही. नाण्याएवढा गोल चट्टा, कडा रेखीव आणि आतली कातडी इतकी गुळगुळीत की इथे कधी केस होते हे बोटाला पटत नाही. कापलं, भाजलं, गळू झालं तर शरीर निदान ठणकून सांगतं तरी. इथे अवाक्षर नाही. त्यामुळे बऱ्याच जणांना आपल्या चट्ट्याचा पत्ता दुसऱ्याकडूनच लागतो. मला माझ्या भाचीने सांगितलं, "आत्या, तुझ्या डोक्याला भोक पडलंय." इतक्या सरळ शब्दांत नंतर एकाही डॉक्टरने सांगितलं नाही.

आणि त्याच वेळी, त्या गुळगुळीत कातडीखाली सुमारे चार मिलिमीटरवर, केसाचं मूळ जिथे चरबीच्या थरात रुतलेलं असतं, तिथे नुसती झुंबड उडालेली असते.

ती झुंबड मी पाहिली आहे. चाईचं निदान सहसा नजरेनेच होतं, फार तर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावून. माझ्या चट्ट्यांचे आकार जरा वेडेवाकडे होते म्हणून डॉक्टरांनी एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि पुढे मी भीत भीत विचारल्यावर पॅथॉलॉजीच्या बाईंनी ती काचपट्टी मला दाखवलीही. मायक्रोस्कोपला दोन माणसांनी एकाच वेळी बघायची सोय होती. फिकट गुलाबी धाग्यांच्या मधोमध केसाच्या मुळाचा कंद, आणि त्याच्याभोवती गर्द जांभळे ठिपके. एकमेकांना खेटून, काही कंदाच्या आत घुसलेले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींमधली एक जात. तिच्यात केंद्रकच एवढं मोठं असतं की बाकी पेशी म्हणून काही उरलेलं दिसत नाही. "मधमाश्यांचा थवा म्हणतो आम्ही याला," बाई म्हणाल्या. पुस्तकांतही हाच शब्दप्रयोग सापडतो. मला मात्र बघताना वाटत राहिलं की मोहोळ उगाच उठत नाही. कुणीतरी दगड मारलेला असतो.

या आजाराबद्दल लिहिणारे सगळे युद्धाची भाषा वापरतात. शरीराचं सैन्य शरीरावरच उलटलं, रक्षकच भक्षक झाले, वगैरे. ऐकायला झणझणीत वाटतं. पण मग केसाचं मूळ बिचारं निमूट मार खाणारं ठरतं आणि टी-पेशी, म्हणजे त्या लिम्फोसाइटांमधलीच एक जात, माथेफिरू ठरतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे समजलं आहे ते याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते जास्त समाधान देणारंही. या सगळ्यात केसाचं मूळही बोलत असतं. किंबहुना बऱ्याच अंशी तेच हाका मारत असतं.

आधी मूळ चांगलं असतं तेव्हा काय करतं ते बघू. डोक्यावरचा प्रत्येक केस एका चक्रातून जातो. दोन ते सहा वर्षं वाढ, मग दोन-तीन आठवड्यांत आवराआवर, मग काही महिने विश्रांती, आणि मग जुना केस गळून नवा. वाढीच्या काळात मुळाशी पेशींचं विभाजन शरीरात क्वचितच कुठे दिसेल इतक्या वेगाने चाललेलं असतं. आणि गंमत म्हणजे, याच काळात मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेच्या नजरेआड राहतं. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय चाललंय त्याचे नमुने एका रेणूवर ठेवून पृष्ठभागावर मांडते. हे नमुने तपासत फिरणं हे टी-पेशींचं रोजचं काम. विषाणू शिरलेली पेशी याच तपासणीत पकडली जाते. वाढत्या केसाचा कंद मात्र हे नमुने जवळजवळ मांडतच नाही. शिवाय आजूबाजूला अशी रसायनं सोडत राहतो की वाटेने जाणाऱ्या पेशींनी फार चौकशी करू नये.

आता यात एक अडचण आहे. नमुने न मांडणारी पेशी दिसली की तिला संपवायचं, हे काम 'नॅचरल किलर' नावाच्या दुसऱ्या पेशींकडे असतं. म्हणजे टी-पेशींपासून लपावं तर या मागे लागणार. त्याचाही बंदोबस्त कंदाने केलेला असतो. या पेशींना थोपवणारी रसायनंही तो स्वतःच बनवतो. एका केसासाठी एवढा खटाटोप! माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, आणि त्यातले बहुतेक कोणत्याही क्षणी वाढीच्याच अवस्थेत असतात. म्हणजे हा बंदोबस्त लाखभर ठिकाणी, वर्षानुवर्षं, आपल्याला कळूही न देता चालू असतो. चाई होते तेव्हा आपण विचारतो की असं का झालं. मला हल्ली वाटतं, बाकीच्यांना असं होत नाही तरी कसं?

अशा नजरेआड ठेवलेल्या जागांचा शोध पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८ साली लावला. सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत किंवा मेंदूत परकी कातडी ठेवली तर ती एरवीसारखी लगेच नाकारली जात नाही, असं त्याला दिसलं. डोळा आणि मेंदू समजण्यासारखे आहेत. तिथे दाह झाला तर नुकसान भरून निघत नाही. पण केस? मेडावरचाच शिष्य रूपर्ट बिलिंगहॅम याने काळ्या गिनीपिगच्या कातडीतल्या पेशी पांढऱ्या गिनीपिगच्या कातडीवर लावल्या. पृष्ठभागावरच्या काळ्या पेशी ठरल्याप्रमाणे नाकारल्या गेल्या, काळेपणा गेला. पण पुढे त्याच जागेवर काळे केस उगवले. काही परक्या रंगपेशी केसांच्या मुळांत शिरल्या होत्या आणि तिथे सुखरूप राहिल्या होत्या. ही गोष्ट १९७१ ची.

केसाला हा विशेषाधिकार का मिळाला असावा याबद्दल तर्क बरेच आहेत. मला त्यातला एक पटतो. केसाला रंग देणारी यंत्रणा फक्त वाढीच्या काळातच चालू असते, आणि रंग बनवताना जी प्रथिनं तयार होतात ती टी-पेशींना अनोळखी वाटू शकतात. त्यांच्यावरून गैरसमज नको म्हणून पडदा. या तर्काला जोड देणारी एक गोष्ट चाई झालेल्या अनेकांनी स्वतःच्या डोक्यावर पाहिलेली असते. पांढरे केस बऱ्याचदा शाबूत राहतात. चट्ट्यात केस परत येतात तेही पुष्कळदा आधी पांढरे, लोकरीसारखे येतात आणि मग हळूहळू रंग धरतात. एका रात्रीत केस पांढरे झाले अशा ज्या दंतकथा आहेत, फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीपासून, त्यांची उकल काही जण याच वाटेने करतात. काळे-पांढरे मिसळलेले केस असलेल्या माणसाचे काळे तेवढे भराभर गळून गेले, तर मागे पांढरंच डोकं उरणार.

चाईत हा पडदा गळून पडतो. तो का गळतो याची सुरुवात प्रत्येकात एकसारखी नसावी, पण गळताना काय काय होतं ते आता बरंच ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो या जनुकशास्त्रज्ञ काम करतात. त्यांना स्वतःला चाईचा त्रास झालेला आहे आणि त्या याबद्दल उघडपणे बोलतात. २०१० साली त्यांच्या गटाने चाई असलेल्या १,०५४ आणि नसलेल्या ३,२७८ लोकांची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. अपेक्षेप्रमाणे त्यात स्वप्रतिकारक आजारांत नेहमी सापडणारी जनुकं होतीच. पण एक जागा अशी निघाली की तिचं नाव तोवर अशा कुठल्याच आजाराशी जोडलं गेलं नव्हतं. यूएलबीपी या नावाच्या जनुकांची जागा. पेशी संकटात असली, म्हणजे तिला संसर्ग झाला किंवा तिचं काही बिघडलं, तर ती ही प्रथिनं पृष्ठभागावर उभी करते. तो इशारा असतो. आणि चाईच्या चट्ट्यातल्या केसांच्या मुळांवर तपासलं तर त्यातलं एक प्रथिन, यूएलबीपी-३, भरपूर प्रमाणात दिसलं.

हा इशारा वाचणारा जो रेणू दुसऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतो त्याचं नाव एनकेजीटूडी. नॅचरल किलर पेशींवर तो असतो आणि सीडी-८ जातीच्या मारक टी-पेशींवरही. २०१४ साली याच गटाने दाखवून दिलं की केसाच्या कंदाभोवती जमलेल्या त्या जांभळ्या गर्दीत खरा कारभार याच पेशींचा असतो. सीडी-८ आणि एनकेजीटूडी, दोन्ही खुणा असलेल्या. म्हणजे मला काचपट्टीवर जे दिसलं होतं ती माथेफिरूंची टोळी नव्हती. संकटाचा इशारा दिसला म्हणून नेमून दिलेल्या कामाला आलेल्या त्या पेशी होत्या. इशारा खोटा असेल किंवा अवाजवी असेल, पण तो देणाऱ्याने दिला होता.

पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. या टी-पेशी आल्या की इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते केसाच्या मुळातल्या पेशींना मिळालं की त्या दोन गोष्टी करतात. एक म्हणजे आजवर न मांडलेले नमुने पृष्ठभागावर मांडायला लागतात, म्हणजे उरलासुरला पडदाही जातो. दुसरी म्हणजे इंटरल्यूकिन-१५ नावाचं रसायन बनवू लागतात. आणि हे इंटरल्यूकिन-१५ मारक टी-पेशींना जगवतं, वाढवतं, चेतवतं. चेतलेल्या पेशी आणखी इंटरफेरॉन सोडतात. त्याने मूळ आणखी इंटरल्यूकिन बनवतं. सासू-सुनेच्या भांडणात आधी कोण बोललं हे जसं शोधून सापडत नाही तसं हे आहे: सुरुवात कुणी केली हा प्रश्न थोड्याच वेळात निरर्थक होतो, आणि भांडण स्वतःच्याच जोरावर चालू राहतं.

म्हणूनच "टेन्शन घेतलंस ना, त्याने झालं" हे वाक्य मला आता सहन होत नाही. चाई झालेल्या माणसाला हे वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं की टेन्शन नसलं तरी यावं. ताणाचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण हा आजार दोन वर्षांच्या मुलांनाही होतो. त्यांना कसलं टेन्शन? जगातल्या साधारण दोन टक्के माणसांना आयुष्यात कधी ना कधी चाई होते. थायरॉइडचे स्वप्रतिकारक विकार, कोड, दमा-इसब अशा गोष्टींशी तिचं सख्य आहे. घराण्यात असली तर शक्यता वाढते. पण सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांमध्येही कधी एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही. इतकं सगळं समोर असताना "तू मनाला लावून घेतोस" एवढंच उचलून समोरच्याच्या पदरात टाकायचं, ही सोय आहे. काळजी दाखवल्यासारखंही होतं आणि दोषही द्यायचा तो देऊन होतो.

टी-पेशींवरचा आळ मात्र पुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे, आणि तो पुरावा ज्या प्रयोगाने मिळाला तो मला फार आवडतो. इस्रायलमधले अमोस गिल्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाई असलेल्या लोकांच्या टकलातले कातडीचे बारीक तुकडे घेऊन ते उंदरांवर लावले. हे उंदीर असे, ज्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जवळजवळ निकामी असते. तिथे, माणसाच्या शरीराबाहेर, त्या तुकड्यांवर पुन्हा केस उगवले! म्हणजे मुळं धडधाकट होती. मग त्याच रुग्णांच्या कातडीतून काढलेल्या टी-पेशी त्या तुकड्यांत टोचल्या, पण टोचण्याआधी काही पेशी केसांच्या मुळांच्या अर्कासोबत वाढवून घेतल्या होत्या. अशा, केसाची ओळख झालेल्या, पेशी टोचल्यावर केस पुन्हा गळले. ओळख न झालेल्या पेशींनी तसं केलं नाही. १९९८ सालचं हे काम. टी-पेशी गळतीच्या जागी नुसत्या हजर असतात, की गळती घडवून आणतात, हा वाद त्याने बराचसा मिटला.

या प्रयोगातली "मुळं धडधाकट होती" ही गोष्ट सोडून पुढे जाववत नाही. मारक टी-पेशी म्हणतात खरं, पण चाईत केसाचं मूळ सहसा मरत नाही. हल्ला झाला की ते वाढीचं काम अर्धवट टाकून आवरतं घेतं. केसाची जाडी मुळाशी कमी कमी होत जाते आणि तो तुटतो. म्हणून चट्ट्याच्या कडेला डर्मोस्कोपखाली उद्गारचिन्हासारखे केस दिसतात, वर जाड आणि खाली निमुळते. आजार ताजा आणि चालू आहे याची ती खूण. माझ्या मोबाइलमध्ये डॉक्टरांनी काढलेला तो फोटो आहे. वीस पट मोठे केलेले ते तोकडे केस बघताना मला दर वेळी वाटतं, की शरीराने एवढं नेमकं विरामचिन्ह वापरायची काही गरज नव्हती.

मूळ आवरतं घेतं, पण पुन्हा उगवायची सामग्री हाताशी ठेवतं. केसाच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढचा प्रत्येक केस घडतो त्या, कंदात नसतातच. अंगावर काटा आणणारा चिमुकला स्नायू केसाच्या नळीला जिथे चिकटतो, तिथे बऱ्याच वरच्या बाजूला, एका फुगवट्यात त्यांचं ठाणं असतं. चाईतली गर्दी खाली, कंदाभोवती जमते. वरच्या फुगवट्याला ती सहसा हात लावत नाही. लायकेन प्लॅनोपायलॅरिस नावाचा दुसरा एक आजार आहे. त्यातही लिम्फोसाइट, त्यातही केस गळतात, पण तिथे गर्दी त्या फुगवट्यापाशी होते. मूळपेशी नष्ट होतात, तिथे व्रण बनतो आणि केस कायमचे जातात. दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली, एवढाच फरक. बायोप्सीच्या रिपोर्टात "व्रण नाही" हे शब्द वाचून डॉक्टर माझ्याकडे बघून हसले ते का, हे मला नंतर कळलं. थोडी चाई असलेल्या लोकांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचे केस वर्षभरात आपले आपण परत येतात. ज्यांचं सगळं डोकं, किंवा भुवया-पापण्यांसकट सगळं अंग केसरहित होतं, त्यांची वाट फार अवघड असते. पण त्यांच्यातही वर्षानुवर्षांनी केस परत आल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक तर गाजलेलं आहे.

येल विद्यापीठात ब्रेट किंग या त्वचारोगतज्ज्ञांकडे पंचवीस वर्षांचा एक तरुण आला. अंगावर एकही केस नाही आणि सोबतीला सोरायसिस. सोरायसिसवर उपयोगी पडेल म्हणून टोफासिटिनिब ही सांधेदुखीवरची गोळी सुरू केली. उंदरांच्या चाईवर या गोळीचा उपयोग झाल्याचे निष्कर्ष किंग यांच्या वाचनात होते, त्यामुळे केसांचीही आशा होतीच. आठ महिन्यांत त्याला डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर, सगळीकडे केस आले. हेही २०१४ चंच. त्याच वर्षी क्रिस्टियानो यांच्या गटाने रुक्सोलिटिनिब या भावंड-गोळीवर तीन रुग्णांचे केस परत आल्याचं प्रसिद्ध केलं. या सगळ्या गोळ्या जानुस कायनेझ नावाच्या एन्झाइमांना अडवतात. इंटरफेरॉनचा निरोप मुळाच्या पेशीत आत पोहोचवणारी आणि इंटरल्यूकिन-१५ चा निरोप टी-पेशीत आत पोहोचवणारी एन्झाइमं याच कुटुंबातली. म्हणजे गोळी टी-पेशीला मारत नाही, मुळालाही काही नवं शिकवत नाही. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईनासं करते.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बॅरिसिटिनिबला तीव्र चाईसाठी मान्यता दिली. या आजारासाठी मान्य झालेली ती पहिली पोटातली गोळी. पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिब आली, ती बारा वर्षांपासून पुढच्या मुलांनाही देता येते. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १,२०० लोक होते, सगळ्यांच्या डोक्याचे किमान निम्मे केस गेलेले. छत्तीस आठवड्यांनंतर मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ३६ ते ३९ टक्के लोकांच्या डोक्याचा ऐंशी टक्के किंवा जास्त भाग केसांनी भरला होता. औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ६ टक्के. हे आकडे मोठे आहेत, आणि त्याच वेळी दर दहांतल्या सहाजणांना तेवढ्या मुदतीत तेवढे केस आले नाहीत असंही ते सांगतात. "चाईवर इलाज सापडला" अशा मथळ्यांनी मला म्हणूनच चीड येते. गोळी बंद केली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा गळतात. कारण आवाज बंद झाला तरी माणसं खोलीतच बसून असतात. काही टी-पेशी कातडीतच मुक्काम ठोकून राहतात, जुन्या ओळखीची आठवण ठेवून, आणि त्यांना जगवायला इंटरल्यूकिन-१५ थोडं मिळालं तरी पुरतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा चट्टा पडतो त्याचं हेही एक कारण मानतात. शिवाय या गोळ्यांच्या खोक्यावर गंभीर इशारा छापलेला असतो: संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग. सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात, रक्तातली चरबी बघतात. चांगल्या-वाईटाचा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा.

या गोळ्यांच्या आधीचा एक उपाय अजून वापरात आहे आणि तो ऐकून माझी हसून पुरेवाट झाली होती. डायफेन्सिप्रोन नावाचं एक रसायन कातडीला लावून मुद्दाम ॲलर्जी आणायची आणि ती दर आठवड्याला ताजी ठेवायची. प्रतिकारयंत्रणा तिकडे गुंतली की केस येऊ लागतात! आधी डोक्याच्या अर्ध्याच भागाला लावतात. त्या बाजूला केस आले आणि दुसरीकडे नाहीत, तर श्रेय औषधाचं, आपोआप बरं होण्याचं नव्हे, हे सिद्ध होतं. काही महिने माणूस अर्धं डोकं घेऊन फिरतो. विज्ञानाची अशी शिस्त अंगावर वागवणाऱ्या त्या लोकांबद्दल मला नितांत आदर आहे.

माझा आजार या दोन्ही उपायांची गरज पडावी इतका मोठा नाही. डोक्याचे चार भाग करून केस किती गेले ते मोजायची एक पद्धत आहे, साल्ट स्कोर म्हणतात. माझा आकडा गोळीच्या आसपासही पोहोचत नाही. मला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, थेट चट्ट्यात. अगदी बारीक सुई, कातडीत तिरकी, एका वेळी औषधाचा जेमतेम थेंब. जिथे टोचतात तिथे कातडी पांढुरकी फुगते, मग सेंटिमीटरभर पुढे पुन्हा तेच. सुईपेक्षा औषध आत शिरताना जो ताण बसतो तो जास्त दुखतो. टाळूवर करकर असा आवाज आतून ऐकू येतो, ते कुणी आधी सांगत नाही.

स्टिरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, एवढंच मी धरून चालले होते. पण प्रतिकारयंत्रणेत आवरणाऱ्या पेशीही असतात, नियामक टी-पेशी. त्या इतरांना थोपवतात. २०१७ साली कॅलिफोर्नियात असं दिसलं होतं की उंदरांच्या कातडीतून या नियामक पेशी काढून टाकल्या तर उपटलेले केस परत उगवतच नाहीत. त्या भांडणं तर आवरतातच, वर केसाच्या मूळपेशींना जागंही करतात. पुढे २०२२ मध्ये तिथल्याच सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या गटाने दाखवलं की स्टिरॉइड या नियामक पेशींना जाऊन भिडतं, आणि मग त्या एक रसायन सोडून मूळपेशींना कामाला लावतात. निदान उंदरांत तरी. म्हणजे ज्या यंत्रणेने माझे केस घालवले, तिच्याच एका शाखेच्या मदतीशिवाय ते परत येण्यातही अडचण. हे वाचल्यापासून 'माझी प्रतिकारशक्ती' या गोष्टीवर सरसकट राग धरणं मला जमेनासं झालंय.

टी-पेशी केसाच्या मुळात नेमकं काय ओळखतात ते मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही. रंग बनवणारी प्रथिनं, केसाच्या आवरणातलं ट्रायकोहायलिन, असे काही संशयित आहेत. ते ठरलं तर सगळ्यांना सरसकट बहिरं करायची गरज उरणार नाही, फक्त तेवढी एक ओळख पुसता येईल. डॉक्टरांना याबद्दल विचारलं तेव्हा ते "वाचतो मी त्यावर" म्हणाले आणि माझी मान त्यांनी उजेडाकडे वळवली. मागचे दोन चट्टे भरत आलेत. डाव्या भुवईचा बाहेरचा कोपरा मात्र विरळ होतोय. तिथे औषध फार पातळ करून द्यावं लागतं, कारण स्टिरॉइडने कातडी खचली तर डोक्यावर केसांत झाकलं जाईल तसं तोंडावर झाकता येत नाही. तर आता आधी भुवई.